शॉपमध्ये कोणाला काय येतं? नव्या सुपरवायझरसाठी कौशल्य-तक्ता बनवण्याची पद्धत

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये मी प्रॉडक्शन इन्चार्ज म्हणून रुजू झालो, तेव्हा मालकांनी हातात दोन कागद दिले. एक हजेरीपत्रक, दुसरं त्या महिन्याचं शेड्यूल. ४१ माणसं, ११ सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या लेथ), ४ व्हीएमसी (तशाच प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मिलिंग मशीन), दोन जुन्या लेथ आणि एक रेडियल ड्रिल. हजेरीपत्रकात प्रत्येकाच्या नावापुढे एकच शब्द होता: ऑपरेटर, हेल्पर, इन्स्पेक्टर किंवा पॅकिंग. त्या एका शब्दावर भरवसा ठेवून मी चार महिने कामं वाटली.

चौथ्या महिन्यात आमचा सेटर, म्हणजे नवीन कामासाठी मशीन लावून देणारा माणूस, वडिलांच्या आजारपणामुळे नऊ दिवस गावी गेला. नेमका त्याच आठवड्यात नवीन जॉब, म्हणजे नवीन भाग, मशीनवर लागायचा होता. मी बाहेरून सेटर मिळतोय का म्हणून फोनामागून फोन करत होतो. तिसऱ्या दिवशी डिबरिंगच्या टेबलावरचा एक हेल्पर जवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, मी बघू का? चाकणला तीन वर्षं हेच करत होतो." दुपारच्या जेवणापर्यंत त्याने जॉब लावून पहिला पीस इन्स्पेक्शनला दिला. हा मुलगा आमच्याकडे चौदा महिने कानस घेऊन बर, म्हणजे कापलेल्या कडेवरची धारदार कोर, काढत बसला होता.

त्या दिवसापासून मी कौशल्य-तक्त्याच्या, म्हणजे कोणाला कोणतं काम किती येतं हे दाखवणाऱ्या तक्त्याच्या, मागे लागलो. मोठ्या कंपन्यांत याला स्किल मॅट्रिक्स म्हणतात आणि ऑडिटर आला की तो दाखवावा लागतो. आयएसओ ९००१ हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र घेतलेल्या कुठल्याही कारखान्यात माणसांच्या पात्रतेचा पुरावा मागतात. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ऑडिटच्या आदल्या रात्री ऑफिसात बसून हा तक्ता भरला जातो. मी सांगतोय तो तक्ता रोज सकाळी कामं वाटताना उपयोगी पडणारा आहे. वीस ते शंभर माणसांच्या कारखान्यात, जिथे वेगळं एचआर खातं नसतं, तिथे नुकतेच सुपरवायझर झालेल्यांसाठी हे लिहितोय. मला यात जवळजवळ एक वर्ष लागलं. माझ्या चुका टाळल्यात तर तुमचं काम तीन महिन्यांत होईल.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- साधी दोनशे पानी वही. छापील फॉर्म घेऊन समोर बसलात की लोक मोजूनमापून बोलतात.
- गेल्या तीन-चार महिन्यांचे रिजेक्शन, रिवर्क आणि ब्रेकडाउनचे रिपोर्ट.
- चालू जॉबची ड्रॉइंग आणि प्रोसेस शीट.
- प्रत्येकाच्या आयटीआय सर्टिफिकेटची, परवान्यांची आणि आधीच्या कंपनीच्या अनुभवपत्राची झेरॉक्स. कंत्राटदाराकडून आलेल्या लोकांचीसुद्धा.
- मोजायची साधनं: व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज, प्लग गेज. कॅलिब्रेशनची (साधन बरोबर मोजतं का या तपासणीची) तारीख उलटून गेलेली नसावी.
- मालकांचा होकार, शक्यतो लेखी, की तपासणीत जे सिद्ध होईल त्याप्रमाणे पगारात फरक करू. हा होकार मिळाला नसेल तर तो मिळेपर्यंत थांबा. का ते सहाव्या पायरीत सांगतो.

१. आधी कामं लिहा, माणसं नंतर

पहिली चूक इथेच होते. आपण वहीत माणसांची नावं लिहितो आणि पुढे "चांगला", "बरा", "कामसू" असं लिहून टाकतो. त्यातून काहीच हाती लागत नाही. नावं बाजूला ठेवा आणि शॉपमधलं प्रत्येक काम त्याच्या तुकड्यांत मोडा.

"सीएनसी ऑपरेटर" हे एक काम नाही. आमच्याकडे मोडत गेलो तेव्हा एवढे तुकडे निघाले: जॉब लोड-अनलोड करणं, चकचा (जॉब पकडणाऱ्या भागाचा) दाब बघून कमी-जास्त करणं, इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं पातं) कधी झिजला हे ओळखून बदलणं, पीस मोजून वेअर ऑफसेट (टूलच्या झिजेपुरती मापाची दुरुस्ती) देणं, ड्रॉइंग वाचणं, पहिला पीस पास करणं, सॉफ्ट जॉ (चकचे मऊ जबडे) जॉबच्या मापाला बोअर करणं, नवीन जॉबचं संपूर्ण सेटिंग, प्रोग्रॅममध्ये फीड-स्पीड बदलणं, नवीन प्रोग्रॅम लिहिणं. दहा तुकडे. आमच्या ऑपरेटरांपैकी काहींना पहिले दोन यायचे, काहींना आठ. हजेरीपत्रकात मात्र सगळे "ऑपरेटर" आणि पगारात फरक फक्त कोण आधी लागला यावर.

मशीनबाहेरची कामंही याच यादीत घ्या. कूलंटची (कापताना सोडायच्या थंड द्रवाची) तीव्रता तपासणं, स्टोअरचा हिशोब, डिस्पॅचची कागदपत्रं, एक्सेलमध्ये रिपोर्ट, कस्टमरच्या माणसाशी फोनवर बोलणं, नवीन आलेल्या परप्रांतीय मुलाला त्याच्या भाषेत समजावून सांगणं. ही कामं कोणीतरी करतच असतं, फक्त त्यांना नाव नसतं.

२. पंधरा दिवस नुसतं बघा

या दिवसांत कोणालाही काही विचारू नका, कसला तक्ता करतोय हेही सांगू नका. मशीन बंद पडली की लोक कोणाला हाक मारतात ते बघा. सुपरवायझरला सांगायच्या आधी ते ज्याच्याकडे जातात, त्याच्या हातात काहीतरी आहे. आमच्याकडे लेथवरचे एक मामा होते, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. सीएनसीला त्यांनी कधी हात लावला नव्हता. पण सीएनसीवरची तरुण पोरं बोअरला (आतल्या भोकाला) चॅटर, म्हणजे टूल थरथरून उठणाऱ्या रेघा, आला की त्यांनाच बोलवायची. मामा मशीनजवळ उभे राहून आवाज ऐकायचे आणि सांगायचे: बार (भोक कापणारी टूलची दांडी) फार बाहेर काढलाय, आत घे. बहुतेक वेळा तेच असायचं.

रात्रपाळीत दोन-तीन वेळा नक्की थांबा. दिवसा सेटर, मेंटेनन्स, क्वालिटी सगळे हाताशी असतात, म्हणून कोणाला काय येतं ते झाकून राहतं. रात्री दोन वाजता टूल तुटला की ज्याला येतं तो करतो. रात्रपाळीचे रिपोर्टही या नजरेने वाचा. एखाद्या माणसाच्या पाळीत ब्रेकडाउन कमी दिसत असेल तर तो नशीबवान आहे असं समजू नका. तो बहुतेक छोट्या अडचणी स्वतःच सोडवतो आणि लिहीत नाही.

३. एकेकाशी बोला, आणि कशासाठी विचारताय ते आधी सांगा

प्रत्येकाला वीस-पंचवीस मिनिटं द्या. ऑफिसात बोलावू नका. ऑफिसात बोलावलं म्हणजे काहीतरी चुकलंय, हे शॉपमधल्या माणसाच्या अंगात मुरलेलं असतं. चहाच्या सुट्टीनंतर मशीनपाशीच किंवा टूल क्रिबच्या (टूल ठेवायच्या खोलीच्या) बाजूला उभं राहून बोला. वयाने मोठ्यांना जसं रोज मामा, काका म्हणता तसंच म्हणा.

माझे प्रश्न हे होते:

- आमच्याकडे येण्याआधी कुठे होता, कोणत्या मशीनवर? कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक) कोणता होता, फॅनुक की सीमेन्स?
- आयटीआय झालंय का? ट्रेड कोणता?
- कोणतं काम मनापासून आवडतं? कोणतं नकोसं वाटतं?
- असं काही आहे का जे तुम्हाला येतं पण इथे कधी करायला मिळालं नाही?
- गावी, घरी दुसरं काय करता?

शेवटचा प्रश्न फालतू वाटेल, पण मला सर्वांत जास्त त्यातूनच मिळालं. एकजण सुट्टीत गावी जाऊन विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करून द्यायचा, आणि आम्ही कूलंट पंपाची मोटर दर वेळी बाहेर पाठवत होतो. पॅकिंगमधल्या एक ताई सहा वर्षं बचत गटाचा हिशोब ठेवत होत्या. कर्ज, हप्ता, व्याज, सगळं त्यांच्या वहीत पैशापैशाने जुळायचं. आणि आमच्या स्टोअरमध्ये इन्सर्टचा स्टॉक कधीच जुळत नव्हता. आज स्टोअर त्याच बघतात.

जात, लग्न, घरातली भांडणं, कोण कोणाचा माणूस, यातलं काहीही विचारू नका. आणि दुसऱ्या कामगाराबद्दल मत तर अजिबात नको. एकदा का "साहेब चुगल्या गोळा करतायत" अशी बोलवा उठली, की पुढचे सगळे तोंड मिटून घेतात.

४. जे सांगितलं ते कामावर तपासा

काहीजण येतं त्याहून जास्त सांगतात, आणि अनुभवाने सांगतो, चांगली माणसं बऱ्याचदा कमी सांगतात. म्हणून तोंडी उत्तर वहीत पेन्सिलने लिहा आणि तपासल्यावरच शाईने.

तपासणी म्हणजे परीक्षा नव्हे. शेड्यूलचा ताण नसलेला दिवस निवडा, आमच्याकडे महिन्याचा पहिला आठवडा हलका असायचा. माणसाला जॉब, ड्रॉइंग आणि साधनं द्या, आणि बाजूला व्हा. डोक्यावर उभे राहिलात तर वीस वर्षं काम केलेल्या माणसाचाही हात थरथरतो.

मी लावलेल्या काही साध्या कसोट्या सांगतो.

ड्रॉइंग वाचता येतं का हे बघायला २५ एच७ चा बोअर (२५ मिलिमीटरचं भोक, एच७ म्हणजे मापात किती फरक चालेल त्याची खूण) असलेलं ड्रॉइंग दिलं आणि फक्त विचारलं, "हा कशाने मोजणार?" या बोअरला शून्य ते २१ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) एवढीच मोकळीक असते. साध्या व्हर्नियरचं लघुतम माप २० मायक्रॉन. व्हर्नियर उचलणाऱ्याला अजून शिकवायला हवं. जो बोअर गेज मागतो आणि आधी तो मास्टर रिंगवर (अचूक मापाच्या कड्यावर) सेट करतो, त्याला पुढचं फारसं विचारावं लागत नाही.

ऑफसेटसाठी पीस थोडा लहान काढून दिला आणि पुढचा पीस मापात यावा म्हणून ऑफसेट दुरुस्त करायला सांगितला. इथे एक धोका आहे. फॅनुकवर आकडा भरताना आधीच्या किमतीत भर घालणारं बटण वेगळं आणि किंमत नव्याने लिहिणारं वेगळं. ते चुकलं किंवा दशांश चिन्ह विसरलं तर टूल जॉबवर आदळू शकतो. म्हणून ही कसोटी घेताना पहिला कट जॉबपासून लांब, सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रॅमची एकेक ओळ चालवत) आणि रॅपिड (टूलची जलद चाल) अगदी कमी ठेवूनच घ्यायला सांगा. तो माणूस हे न सांगता स्वतःहून करत असेल, तर तेच त्याच्या कसबाचं प्रमाण.

मोजणाऱ्यांसाठी: दहा पीसवर खुणा करा, पाचजणांना एकेकदा मोजायला द्या आणि दुसऱ्या दिवशी क्रम बदलून पुन्हा द्या. ज्याचे दोन दिवसांचे आकडे जुळतात त्याचा हात स्थिर. आमच्याकडे क्वालिटीच्या माणसांपेक्षा पॅकिंगच्या एका ताईंचे आकडे जास्त जुळले. मी स्वतःही मोजले होते आणि माझे आकडे त्यांच्यापेक्षा जास्त हलले.

५. तक्ता भरा

डावीकडे नावं, वर पहिल्या पायरीतली कामं. प्रत्येक चौकोनात चार पाकळ्यांचा गोल काढा:

- एक पाकळी भरली: कोणी शेजारी असेल तर करतो.
- दोन: एकटा करतो, पण पहिला पीस दुसऱ्याने बघावा लागतो.
- तीन: एकटा करतो, ठरलेल्या वेळेत आणि मापात.
- चार: दुसऱ्याला शिकवू शकतो.

तीनवरून चारवर जाणं आपोआप होत नाही. उत्तम सेटर शिकवण्यात कच्चा असू शकतो आणि मध्यम हाताचा माणूस उत्तम शिकवतो. चौथी पाकळी शिकवताना बघितल्याशिवाय भरू नका.

भरून झाल्यावर तक्ता उभा वाचा. ज्या कामाखाली तीन पाकळ्यांचा एकच माणूस आहे ते काम म्हणजे तुमचा खरा धोका. आमच्याकडे अशी सात कामं निघाली. त्यातली तीन एकाच सेटरच्या डोक्यात होती. तो नऊ दिवस गेल्यावर कारखाना का अडला याचं उत्तर त्या तीन उभ्या ओळींत होतं. मग तक्ता आडवा वाचा. ज्याच्या नावापुढे चारपाच कामं भरलीत आणि जो रोज एकच काम करतोय, तो तुमच्या हातून वाया जातोय.

आता माझी सर्वांत मोठी चूक. हौसेने मी तो तक्ता रंगीत प्रिंट काढून नोटीस बोर्डवर लावला. बऱ्याच कंपन्यांत तो तसाच लावलेला असतो, म्हणून मला काही वावगं वाटलं नाही. पण आमच्याकडे पंधरा-पंधरा वर्षं काम केलेल्या माणसांनी आपल्या नावापुढे एकच पाकळी बघितली, आणि शेजारी दोन वर्षांपूर्वी लागलेल्या पोराच्या तीन. त्यातले एक काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "साहेब, माझी पोरगी इथेच शेजारच्या कंपनीत ट्रेनी आहे. तिच्या मैत्रिणी इथे येतात." मी तिथल्या तिथे तो कागद काढला. काकांची माफी मागितली.

तेव्हापासून ज्याची पाकळी त्यालाच दाखवतो, समोर बसून, आणि त्याची सही घेतो. त्याला पटत नसेल तर पुन्हा तपासणी. बोर्डवर फक्त कामांची यादी आणि प्रत्येक कामाला किती माणसं तयार आहेत एवढा आकडा. मोठ्या, शिस्त बसलेल्या कंपन्यांत उघडा तक्ता चालत असेलही. छोट्या शॉपमध्ये, जिथे सगळे एकमेकांच्या घरचे ओळखतात, तिथे तो लावू नका असंच मी म्हणेन.

६. काम देण्याआधी पैशाचं बोला

ही पायरी चुकली तर बाकी सगळी मेहनत वाया.

त्या डिबरिंगवाल्या मुलाला मी नंतर विचारलं, चौदा महिने बोलला का नाहीस? आधी तो टाळत होता. मग म्हणाला, "आधीच्या ठिकाणी सांगितलं होतं. मग सेटिंगही मीच, हेल्परचंही मीच आणि पगार हेल्परचाच. सुट्टीच्या दिवशी फोन मलाच. इथे ठरवलं, काही सांगायचं नाही."

यानंतर मी बाकीच्यांकडेही त्या नजरेने बघायला लागलो. शॉपमध्ये कौशल्य लपवणं ही सर्रास गोष्ट आहे आणि त्यामागे आळस नसतो. ज्याला येतं त्याच्यावर काम पडतं, चूक झाली तर बोलणी त्यालाच बसतात, आणि महिन्याअखेरी हातात तेवढेच पैसे येतात. मग शहाणा माणूस काय करेल? गप्प बसेल. आपण मात्र "आपल्याकडे चांगली माणसंच मिळत नाहीत" म्हणत बाहेर जाहिरात देत राहतो. हा अन्याय आहे आणि तो रोज आपल्या डोळ्यांसमोर होतो, म्हणून मी यावर इतकं लिहितोय.

तर काय करायचं?

पहिलं, कायद्याचं. राज्य सरकार किमान वेतनाचे दर ठरवतं तेव्हा अकुशल, अर्धकुशल आणि कुशल असे वर्ग करतं. एखाद्याकडून नियमित मशीन चालवून घ्यायची आणि कागदोपत्री त्याला अकुशल ठेवायचं, हे चालत नाही. तपासणीत तो तीन पाकळ्यांचा ऑपरेटर ठरला आणि तुम्ही त्याला त्या कामावर लावलं, तर त्याचा वर्ग बदला. कंत्राटदाराचा माणूस असेल तर कंत्राटदाराशी आधी बोला आणि वाढलेली रक्कम त्या माणसाच्या खात्यात पोचते का ते पगाराच्या पावतीवर बघा. अर्ध्या वेळा ती मधेच अडकते.

दुसरं, भत्ता. आम्ही ठरवलं की रोजच्या कामाखेरीज ज्या कामात तीन पाकळ्या मिळतील त्या प्रत्येक कामासाठी महिन्याला ठरावीक भत्ता, आणि चार पाकळ्यांसाठी, म्हणजे शिकवणाऱ्याला, त्याच्या दुप्पट. मालक आधी तयार नव्हते. मी त्यांच्यासमोर एकच हिशोब ठेवला: नऊ दिवसांत किती मशीन-तास बुडाले आणि मशीनचा तासाचा दर किती. त्या एका खोळंब्याच्या पैशात सगळ्यांचा कित्येक महिन्यांचा भत्ता निघत होता. तुम्हीही माणुसकीचा मुद्दा मनात ठेवा आणि मालकांसमोर मशीन-तासांचा कागद ठेवा.

तिसरं, सुट्टी. येतं म्हणून त्यालाच रविवारी बोलवायचं नाही. बोलवलंच तर ओव्हरटाइम नियमाने द्या आणि पुढच्या वेळी दुसऱ्याची पाळी लावा.

चौथं, नाही म्हणायची मुभा. आमच्या लेथवाल्या मामांना मी हौसेने सीएनसी शिकायला लावलं. चार दिवस गेले, मग म्हणाले, "मला नको. डोळे दुखतात त्या स्क्रीनकडे बघून." मी तिथे थांबलो. त्यांचं कसब कानात आणि हातात होतं, ते तिथेच वापरायचं होतं.

आणि एक सापळा, ज्यात मी पडलो: उत्तम सेटरला बढती देऊन सुपरवायझर करणं. आपल्याकडे पगार वाढवायचा तर हुद्दाच वाढवावा लागतो अशी समजूत आहे. आम्ही ते केलं. चांगला सेटर गेला आणि हजेरी, रजा, भांडणं यांत कोमेजणारा सुपरवायझर मिळाला. आठ महिन्यांनी तो स्वतःच म्हणाला, मला मशीनवर परत घ्या. सेटर राहूनही पगार वाढेल अशी वेगळी पायरी तयार करा. "सीनियर सेटर", "मास्टर सेटर", नाव काहीही द्या, पगार सुपरवायझरच्या बरोबरीचा असू द्या.

७. शिकवणाऱ्याला शिकवायचं कसं ते दाखवा

ज्या कामाला एकच माणूस आहे तिथे दुसरा तयार करायचा, हे उघड आहे. पण "याच्याबरोबर उभा राहा, बघून शिक" एवढं सांगून निघून जाऊ नका. नुसतं बघून हात काम शिकतो, पण ते तसंच का करायचं हे कळत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, अमेरिकेत सुपरवायझरांसाठी "ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री" नावाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. कारखान्यांत नवखी माणसं एकदम भरावी लागत होती आणि त्यांना लवकर तयार करायचं होतं. युद्धानंतर ती पद्धत जपानमध्ये गेली आणि टोयोटाने ती उचलली. तिच्या चार पायऱ्या आम्ही जशाच्या तशा वापरतो. आधी शिकणाऱ्याला मोकळं करा, त्याला आधी काय येतं ते विचारा. मग काम करून दाखवा: एकदा पायऱ्या सांगत, दुसऱ्यांदा प्रत्येक पायरीत कुठे जपायचं ते सांगत, तिसऱ्यांदा ते का जपायचं ते सांगत. मग त्याच्याकडून करून घ्या आणि करताना त्यालाच बोलायला लावा. शेवटी एकट्याला सोडा, पण अडलं तर कोणाला विचारायचं ते सांगून ठेवा आणि अधूनमधून बघत राहा. या कार्यक्रमाचं एक वाक्य होतं की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

शिकवणाऱ्याचं त्या दिवसाचं टार्गेट कमी करा. हे केलं नाही तर तो शिकवणार नाही, आणि त्यात त्याची चूक नसेल. आणखी एक भीती त्याच्या मनात असते: याला शिकवलं की माझी गरज संपली. त्यावर बोलून उपयोग होत नाही. चौथ्या पाकळीचा भत्ता पहिल्याच महिन्यात हातात पडला की मगच विश्वास बसतो.

८. अदलाबदल करताना जपून

आठवड्यातून अर्धा दिवस, कमी लोडच्या दिवशी, प्रत्येकाला त्याच्या दुसऱ्या कामावर ठेवा. सगळ्यांना सगळीकडे फिरवत बसू नका. त्याने कामात गोंधळ होतो आणि रिजेक्शन वाढतं. एका कामाला तीन भरवशाची माणसं झाली की पुरे.

काही कामं तपासणीत पास झाली तरी परवान्याशिवाय देता येत नाहीत. वायरिंगला वायरमनचा परवाना लागतो, बॉयलर असेल तर अटेंडंटचं प्रमाणपत्र लागतं. मोटारी रिवाइंड करणाऱ्या आमच्या माणसाला म्हणूनच पॅनेलला हात लावू देत नाही, फक्त सोडवून आणलेली मोटर देतो. नवीन मशीनवर पाठवताना सुरक्षेचं पहिल्यापासून सांगा. पॅकिंगमध्ये हातमोजे चालतात, फिरत्या लेथवर हातमोजे घातले तर हात ओढला जातो. ओढणी, सैल बाही, मोकळे केस हेही तसंच. माणूस कामात जुना असला तरी त्या मशीनवर नवाच असतो.

९. अप्रेंटिस

कंत्राटी धरून ३० किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस कायदा, १९६१ प्रमाणे अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. चार ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. नोंदणी सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर होते. या मुलांना झाडू मारायला आणि चहा आणायला लावू नका. पहिल्या दिवसापासून तक्त्यात त्यांची ओळ उघडा, वर्षभरात कोणत्या पाकळ्या भरायच्या ते ठरवा आणि चार पाकळ्यांच्या माणसाकडे सोपवा.

१०. तक्ता जुना होऊ देऊ नका

प्रत्येक पाकळीशेजारी तारीख लिहा. सहा महिने ते काम केलं नसेल तर पुन्हा तपासा, हात विसरतो. दर तीन महिन्यांनी अर्धा दिवस यासाठी राखून ठेवा. रिजेक्शनचा रिपोर्ट तक्त्याशेजारी ठेवून वाचा, पण एका खराब लॉटवरून पाकळी पुसू नका. आधी मटेरियल आणि टूल तपासा.

कोणी राजीनामा दिला की नोटीसचे दिवस तक्त्यासाठी फार मोलाचे असतात. त्याच्या एकट्याकडे असलेली कामं त्याच दिवशी काढा, शेजारी दोन माणसं द्या आणि सेटिंगच्या बारीकसारीक गोष्टी त्यांच्याकडून लिहून घ्या: कोणत्या जॉबला चकचा दाब किती, कोणता फिक्स्चर (जॉब धरून ठेवणारा साचा) कुठे पाचर लावून बसवायचा, कोणती मशीन सकाळी अर्धा तास गरम केल्याशिवाय माप धरत नाही. त्याचा हिशोब शेवटच्या दिवशी पूर्ण द्या आणि अनुभवपत्रात तपासून भरलेली सगळी कामं नावानिशी लिहा. नुसतं "ऑपरेटर" लिहून देऊ नका. पुढच्या कंपनीच्या दारात त्याला तोच कागद दाखवायचा असतो.